सहा नंबरची जर्सी

पहिला ठोसा कोलमन गिलरेनला दिसला होता. तो त्याने खांद्यावर झेलला. डोळा गेला तो दुसऱ्याने, आणि तो ठोसा त्याला आजतागायत दिसलेला नाही.

चेंडू त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. किलमॉयराचा एक फॉरवर्ड तिकडे रेषेजवळ आडवा झाला होता आणि सगळी गर्दी माना उंच करून तिकडेच बघत होती. इकडे मैदानाच्या मध्यावर दोघंच उभे होते. किलमॉयराचा कोलमन, आणि ज्याला रोखायची जबाबदारी त्याच्यावर होती तो आर्डनाग्रीचा डोनल बेर्न. सामना सुरू झाल्यापासून कोलमन त्याला गोचिडीसारखा चिकटला होता. जर्सीला मूठ, बरगडीत कोपर, उडी मारायच्या वेळी पायावर पाय. बचावाला उभा राहणारा कोणीही हेच करतो. डोनल अख्ख्या सामन्यात चकार शब्द बोलला नव्हता. मग तो वळला.

डाव्या डोळ्याखाली वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. कोलमन गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला. त्याच्या बरगडीत बुटाची एक लाथ बसली. दुसरी बसण्याआधी किलमॉयराचा गोलकीपर मागून धावत आला आणि डोनलच्या मानगुटीवर कोसळला.

त्यानंतर कोणी कोणाला मारलं याचा हिशोब रेफरीलाही लागला नाही. दोन्ही संघ भिडले, राखीव खेळाडू भिडले, मग कुंपणावरून बाप आणि भाऊ उतरले. आर्डनाग्रीच्या एका बाईने मिटलेल्या छत्रीने लाइन्समनचं डोकं फोडलं. किलमॉयराच्या एका पोराचे पुढचे दोन दात गवत कापणाऱ्याला पुढच्या आठवड्यात सापडले. सगळं निवल्यावर रेफरीने डोनलला लाल कार्ड दाखवलं. त्याने ते न बघताच हातमोजे काढले आणि चालू लागला. उरलेला खेळ आर्डनाग्री पंधराऐवजी चौदा जणांनिशी खेळलं आणि एका गुणाने हरलं. काउंटीचा कप किलमॉयराला आला. म्हाताऱ्यांनाच आठवत होतं की तो याआधी कधी आला होता.

कोलमन तेव्हा रुग्णवाहिकेत होता. पण त्याच्या अंगात सहा नंबरची जर्सी होती, आणि नर्सने ती कात्रीने कापायला घेतली तेव्हा त्याने तिचा हात धरला.

कोलमन मूळचा डोनेगलच्या किनाऱ्यावरचा, मासेमाराचा मुलगा. पोलिसात भरती झाला आणि देशाच्या मध्यावर, गाई आणि दलदलीच्या मुलखात, किलमॉयराच्या चौकीवर नेमला गेला. हजर झाला त्याच आठवड्यात पॅकी टॅन्सी चौकीत आला. पॅकीचं हार्डवेअरचं दुकान होतं; मेंढ्यांची जाळी, पत्रे, गेटच्या बिजागऱ्या. दुकान बायको चालवायची. पॅकी गावचा फुटबॉल संघ चालवायचा.

"खेळतोस का?" त्याने काउंटरवर कोपर टेकून विचारलं.

"खेळायचो."

"खांद्यांवरून वाटलंच. मंगळवारी मैदानावर ये. आणि ती टोपी फाटकाबाहेर ठेवून ये."

कोलमन गेला, आणि जातच राहिला. गावातल्याच नूलाशी लग्न केलं, घर बांधलं. पण टोपी फाटकाबाहेर ठेवणं एवढं सोपं नव्हतं. शनिवारी ज्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, तो रविवारी समोरच्या संघात असायचा. "काय साहेब, टायर तपासू का?" असं म्हणत गुडघा मांडीत घालायचा. एकदा एकाने पडलेल्या कोलमनच्या तोंडावर थुंकून विचारलं, "ह्याचा पण फाइन लागेल का रे?" कोलमनही काही संत नव्हता. त्या थुंकणाऱ्याचं गळपट्टीचं हाड त्याने पुढच्या हंगामात मोडलं. खांद्याला खांदा, पूर्ण नियमात. हाड मोडल्याचं त्याला खांद्यातूनच कळलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही.

किलमॉयरात जर्सी वाटायची एक रीत होती. कपडे बदलायच्या खोलीत पॅकी मधोमध पिशवी घेऊन उभा राहायचा. नाव घ्यायचा नाही. एकेक जर्सी काढायचा आणि ज्याची त्याच्या छातीवर फेकायचा. पाठीवरचा नंबर म्हणजे मैदानातली जागा. सहा नंबर म्हणजे बचावाचा कणा, आणि तो गावात जन्मलेल्याच माणसाला मिळायचा. पॅकीने तो घातला होता, पॅकीच्या बापाने घातला होता. बाहेरून आलेल्या माणसाला, मग तो शाळामास्तर असो की पोलीस, कडेच्या जागा. कोलमनला नेहमी बारा मिळायचा, नाहीतर बाकावर बसायचं.

अंतिम सामन्याच्या दिवशी सहा नंबर त्याच्या छातीवर येऊन आदळला. खोलीत कोणी बोललं नाही. गोलकीपरने खाली बघत बुटाची नाडी पुन्हा बांधली. कोलमनला वाटलं, हा मान आहे. मानाच्या वेळी किलमॉयराची माणसं अशीच गप्प असतात.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी आर्डनाग्रीची माणसं भेटायला आली. क्लबचा अध्यक्ष, त्यांचे पाद्री, आणि खाकी पिशवीत व्हिस्कीची बाटली. हीसुद्धा रीतच. मारणारा येत नाही. त्याच्या गावचे थोर लोक येतात.

"काय बोलावं कळत नाही, कोलमन," अध्यक्ष टोपी हातात फिरवत म्हणाले.

"काही नाही हो. फुटबॉल आहे. त्यात काही नाही."

पाद्रींनी मान हलवली. अध्यक्षांनी बाटली कपाटावर ठेवली. मग गवताची दुसरी कापणी यंदा कशी वाया गेली यावर बोलणं झालं, आणि ते गेले.

नूला खिडकीपाशी उभी होती. "काही नाही? आरशात बघितलंस का?"

"असं म्हणायचं असतं."

"कोणी म्हणायचं असतं?"

"मार खाल्लेल्याने."

"आणि मारणाऱ्याने काय म्हणायचं असतं?"

"त्याने काही म्हणायचं नसतं."

संध्याकाळी पॅकी आणि पोरं कप घेऊन आली. बाटली त्यातच ओतली. कोलमनने सुजलेल्या ओठांनी कपाला तोंड लावलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, नर्सने सगळ्यांना हाकललं.

डोळ्याखालचं हाड जुळलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, तो नाही जुळला. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला, मग थांबले. कोलमन घरी आला आणि त्याने चहा कपाच्या शेजारी टेबलावर ओतला. एका डोळ्याने वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे ते कळत नाही. जिन्याची शेवटची पायरी त्याला दोनदा नडली. पोलीस खात्याने त्याला गस्तीच्या गाडीवरून काढलं आणि काउंटरवर बसवलं. बढतीचा विषय तिथेच संपला. कायम बसू देतील याची खात्री नव्हती.

पोलिसांच्या संघटनेच्या माणसाने त्याला कायदा समजावला. पोलिसाला कोणी मुद्दाम जखमी केलं तर सरकार भरपाई देतं. तो कामावर नसला तरी देतं. पण एक अट: तो पोलीस आहे म्हणून मारलेलं असलं पाहिजे. खेळाडू म्हणून मार खाल्ला असेल तर कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही.

"मग माझं जमत नाही," कोलमन म्हणाला. "सहा नंबरला अंतिम सामन्यात मार पडतोच."

"आणि लॉर्कन बेर्न?" त्या माणसाने विचारलं.

लॉर्कन हा डोनलचा धाकटा भाऊ. त्या वर्षीच्या वसंतात, आर्डनाग्रीच्या बाजाराच्या दिवशी, त्याने दारू पिऊन ट्रॅक्टर डेअरीच्या भिंतीत घातला होता. कोलमन चावी काढायला वर चढला तेव्हा लॉर्कनने कुंपणाचे खुंट ठोकायचा लाकडी हातोडा उचलला. पहिला घाव ट्रॅक्टरच्या दाराला लागला. दुसरा लागू नये म्हणून कोलमनने दांडुका चालवला आणि लॉर्कनचं मनगट मोडलं. मग त्याला केसांना धरून खाली ओढलं, पाठीवर गुडघा दिला, मोडक्या मनगटावर बेडी घातली. लॉर्कन बाजारभर ऐकू जाईल असा ओरडला होता. लायसन्स गेलं, ट्रॅक्टर चालवायचं काम गेलं, आणि पोरगा बोटीने इंग्लंडला निघून गेला. ऑगस्टमध्ये त्यांचा बाप वारला, तेव्हाही तो आला नाही.

"ते वसंतातलं होतं," कोलमन म्हणाला. "सामना सप्टेंबरात झाला. डोनल एवढा डूख धरणारा नाही."

हे बोलताना तो कायद्याचा विचार करत नव्हता. त्याला सहा नंबर मिळाला होता आणि सहा नंबर म्हणूनच तो पडला होता. गावात इतकी वर्षं काढल्यावर त्याच्या हाती आलेली ती एकच गोष्ट होती. दावा जिंकायचा तर शपथेवर सांगावं लागणार होतं, की मैदानातही मी फक्त पोलीसच होतो.

नूलाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मग टेबलावर सांडलेला चहा पुसत म्हणाली, "गावाने तुला काय मानलं ते मी इथली असून मला सांगता येत नाही. पण तुला दिसत नाही, एवढं मला माहीत आहे. दावा लाव."

त्याने लावला. चेंडू कुठे होता हे सांगायला साक्षीदार हवा होता. पॅकी आपणहून म्हणाला, "मी येतो की. तेवढंच सांगायचं ना? चल माझ्याच व्हॅनमधून."

डब्लिनच्या हायकोर्टात सरकारच्या वकिलांनी कोलमनला फार वेळ उभं ठेवलं नाही.

"हॉस्पिटलमध्ये तुम्ही म्हणालात, फुटबॉल आहे, त्यात काही नाही. बरोबर?"

"म्हणालो."

"पाद्रींसमोर?"

"हो."

"ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ते म्हणतात."

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून बघितलं. ते शहरातले होते. "म्हणतात म्हणजे?"

"मयताच्या घरी आपण म्हणतो ना साहेब, तुमच्या दुःखात सहभागी आहे. तसं. दुःख होतंय का, ते तिथे कोणी विचारत नाही."

न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. कोलमनच्या वकीलबाईंचा चेहरा बघून नूला खाली बघू लागली.

डोनल बेर्न काळ्या सुटात आला. बापाच्या मयताला घातलेलाच असावा. त्याने शपथ घेतली आणि एकाच सुरात सांगितलं. जर्सी ओढत होता. कोपर मारत होता. डोकं फिरलं. भावाचा काही संबंध नाही. फुटबॉल. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना तो कोलमनच्या जवळून गेला आणि क्षणभर थांबला. "डोळ्याचं मनात नव्हतं," तो हळू म्हणाला. कोलमनने मान हलवली. बाकीचं मनात होतं का, हे त्याने विचारलं नाही.

जेवणानंतर पॅकीला बोलावलं. चेंडू कुठे होता, ते त्याने चोख सांगितलं. वकीलबाई बसल्या. इथवर दावा हरलेलाच होता. पण सरकारच्या वकिलांना वाटलं, खिळा पुरता ठोकून घ्यावा.

"मिस्टर टॅन्सी, तुम्ही जन्मभर हा खेळ बघताय. डोनल बेर्न हा तापट खेळाडू. त्याच्यासमोर त्या दिवशी कोणीही असता तरी त्याने मारलंच असतं, नाही का?"

पॅकीला फुटबॉलमधलं कोणी शिकवलेलं खपत नसे. तो पिंजऱ्याचा कठडा धरून पुढे वाकला.

"कोण तापट? डोनल? काय बोलताय, वकीलसाहेब? एवढा स्वच्छ खेळाडू काउंटीत नाही. त्याने आयुष्यात कोणाला बोट लावलं नव्हतं. उपांत्य सामन्यात आमच्या शेजारच्या संघाने त्याला तीन माणसं लावली, लाथा घातल्या, तरी पठ्ठ्या हसत गुण मारत होता. त्याला थांबवायला आमच्याकडे माणूसच नव्हता."

"मग तुम्ही—"

"मग मी डोकं चालवलं. त्याच्या बापाच्या मयताला गेलो होतो मी. शवपेटीला धाकट्या भावाच्या जागी चुलतभावाचा खांदा होता. चर्चच्या फाटकात आमचा पोलीस गाड्या वळवत उभा. पेटी खांद्यावर असताना डोनलने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी बघितली. तेव्हाच ठरवलं, अंतिम सामन्यात पोलिसाला त्याच्यासमोर उभा करायचा. दुसरा कोणी असता तर डोनलने हातही उचलला नसता. हा असला की उचलणार, आणि उचलला की बाहेर जाणार. गेला की नाही?"

पॅकीने सगळीकडे बघितलं. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं की नाही, कोण जाणे. चेहऱ्यावर तरी जिंकलेला सामना पुन्हा सांगितल्याचं समाधान होतं.

सरकारचे वकील बसले. न्यायमूर्तींनी निकाल त्याच दिवशी दिला. अर्जदाराला तो पोलीस असल्यामुळेच मारण्यात आलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. वकीलबाईंनी कोलमनचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. नूला त्या रात्री शहरातच बहिणीकडे राहणार होती. तिने पॅकीकडे बघितलं नाही. कोलमनला म्हणाली, "माझ्याबरोबर चल."

"नाही. त्याच्याबरोबर जातो."

व्हॅन शहराबाहेर पडली, मुख्य रस्ता संपला. दलदलीचा काळा पट्टा सुरू झाला तेव्हा कोलमन पहिल्यांदा बोलला.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना नाही. गोलकीपरला सांगून ठेवलं होतं. कोणीतरी लगेच धावायला हवं ना." पॅकीने काच खाली केली. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरा. जिंकलास तू. माझ्यामुळे जिंकलास."

"सहा नंबर दिला होतास."

"दिला होता. फुकट नाही दिला."

"मला सांगितलं असतंस तर?"

पॅकीने खरंच विचार केला. "सांगितलं असतं तर तू त्याच्या हातांकडे बघत राहिला असतास. ठोसा चुकवला असतास. मग तो बाहेर कसा गेला असता?"

"गाडी थांबव."

पॅकीने थांबवली. दोघं खाली उतरले. आजूबाजूला जळणासाठी दलदलीतून कापून रचलेल्या मातीच्या विटांचे ढीग, बाकी काही नाही. पॅकीने कोलमनकडे बघितलं, चष्मा काढला, घडी करून बॉनेटवर ठेवला. वयाने तो कोलमनच्या बापासारखा होता.

"मार," तो म्हणाला.

कोलमनने मारलं. मूठ पॅकीच्या नाकापुढून वीतभर अंतरावरून गेली आणि व्हॅनच्या आरशावर आदळली. काच फुटली, बोटांची कातडी सोलून निघाली. कोलमन तोल जाऊन दारावर आपटला.

"आखूड पडला," पॅकी म्हणाला. मैदानाच्या कडेवरून सांगायचा तसंच. "एक पाऊल पुढे ये."

कोलमन एक पाऊल पुढे आला आणि त्याने पुन्हा मारलं. या वेळी नाकाचं हाड मुठीखाली सरकलं. पॅकी रस्त्याच्या कडेच्या गवतात बसला, मग कुशीवर पडला. कोलमनने त्याला कॉलरला धरून उचललं आणि तिसरा मारला, पोटात. म्हातारा ओकला. चौथ्यासाठी उचललेला हात मात्र कोलमनने खाली घेतला, कारण पॅकी हात वर करत नव्हता, तोंडही फिरवत नव्हता. मार खायचा असतो तेवढा खाऊन घ्यावा, तसा पडून होता.

बऱ्याच वेळाने पॅकी उठला. गवताने तोंड पुसलं, दात चाचपले.

"बायकोला काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर उद्या तुझी नोकरी जाईल. आणि आज मिळालंय तेही." तो नाक दाबून धरत व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला गेला. "बैलाने फाटक अंगावर घातलं म्हणतो. तू चालव. मला चष्मा लावता येणार नाही."

कोलमनने व्हॅन चालवली, अगदी हळू. समोरून येणारी गाडी किती लांब आहे ते त्याला कळत नव्हतं. पॅकी सुजत चाललेल्या तोंडाने सांगत राहिला: लांब आहे, अजून लांब आहे, आता डावीकडे घे.

वर्षभरात कोलमनने बदली मागून घेतली. नूला कुरकुर न करता त्याच्याबरोबर गेली. किलमॉयरातलं घर विकताना जर्सी तिने कुठे टाकली ते त्याने विचारलं नाही. आता तो एका मोठ्या गावाच्या ठाण्यात काउंटरवर बसतो, हरवलेली कुत्री आणि पासपोर्टचे अर्ज बघतो. सामन्यांना जात नाही. पण मैदानात मार खाल्लेला एखादा तरुण पोलीस दावा लावायच्या विचारात असला, की संघटनेची माणसं त्याला कोलमनकडे पाठवतात.

गेल्या हिवाळ्यातही एक आला होता. जबडा तारेने बांधलेला, दातांतल्या दातांत बोलत होता. मारणाऱ्याला त्याने महिनाभर आधी अटक केली होती. साक्षीदार आहेत, व्हिडिओ आहे, त्याने सगळं सांगितलं.

कोलमनने ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्याच्यासमोर तुला कोणी उभं केलं?"

"मॅनेजरने. नेहमी मी दुसऱ्या जागी खेळतो, पण त्या दिवशी... का?"

"काही नाही. पुढे सांग," कोलमन म्हणाला. त्याने पोराचा कप जवळ ओढला, कडेवर आतून बोट टेकवलं, आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतला.